पोटरीच्या स्नायूत रक्त किती पोचतं, एमआरआयवर ते मोजायचं कसं: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

ब्रेनचं परफ्युजन स्कॅन (म्हणजे पेशींपर्यंत किती रक्त पोचतं ते मोजणारा स्कॅन) शिकलेले बरेच जण तेच सेटिंग उचलून पायावर लावतात, आणि समोर येतो नुसता नॉइज. मग सिक्वेन्स (मशीन कुठल्या क्रमाने पल्स देतं तो) बदलून बघतात, कॉइल (सिग्नल पकडणारी) बदलून बघतात, अ‍ॅव्हरेज वाढवतात, तरी काही नाही. मशीन ठीक असतं. मेंदूच्या ग्रे मॅटरला दर १०० ग्रॅममागे मिनिटाला साधारण ५० ते ६० मिली रक्त मिळतं, आणि तुम्ही आरामात पडलेले असताना पोटरीच्या स्नायूला मिळतं जेमतेम २ ते ५ मिली. स्नायूला तेव्हा काही कामच नसतं, तर रक्त तरी कशाला हवं.

म्हणून पाय आरामात असताना स्नायूचं परफ्युजन मोजत बसू नका, आधी स्नायूला रक्ताची गरज पाडा आणि मग रक्त धावत येताना मोजा. गरज पाडायचा सगळ्यात सोपा उपाय म्हणजे मांडीला कफ बांधून ५ मिनिटं रक्त बंद करायचं आणि झटकन सोडायचं. खाली जे काही लिहिलंय ते ३ टेस्लाच्या मशीनवर, एका पोटरीवर, कफ लावून करायच्या प्रयोगाबद्दल आहे. व्यायामाचं शेवटी थोडं बोलू.

मोजतोय ते नक्की काय

डॉप्लरवर दिसतं ते मोठ्या धमनीतून किती रक्त गेलं. परफ्युजन म्हणजे त्यातलं किती रक्त केशवाहिन्यांमधून स्नायूच्या पेशींपर्यंत पोचलं. दोन्ही एक नाही. मांडीची धमनी छान वाहत असली तरी खाली पोटरीतला एखादा स्नायू उपाशी असू शकतो. जुनी पद्धत प्लेथिस्मोग्राफी, म्हणजे शिरा दाबून पाय किती फुगतो ते बघायचं, ती अख्ख्या पायाचा एकच आकडा देते, त्यात कातडी आली, चरबी आली, सगळे स्नायू आले. एमआरआयचा फायदा हा की पुढचा टिबियालिस, मागचा गॅस्ट्रोक्निमियस आणि त्याच्या आत दडलेला सोलियस, हे तिन्ही वेगवेगळे दिसतात.

याचा उपयोग कुणाला, तर पायाच्या धमन्या अरुंद झालेल्यांना, जे थोडं चाललं की पोटरीत गोळा येतो म्हणून थांबतात आणि दोन मिनिटांनी परत चालू लागतात. शुगरवाले आणि तंबाखूवाले यात भरपूर. शिवाय स्नायूंच्या आजारांवर काम करणारे आणि स्पोर्ट्सवालेही हे मोजतात.

पद्धत कुठली घ्यायची

गॅडोलिनियम (एमआरआयचं कॉन्ट्रास्ट औषध) टोचून करता येतं, सिग्नल दणदणीत मिळतो, पण या पेशंटपैकी अनेकांच्या किडन्या आधीच अशक्त असतात आणि दर वेळी सुई टोचावी लागते, शिवाय एकदा औषध दिलं की लगेच परत मोजता येत नाही. बोल्ड, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनबरोबर बदलणारा सिग्नल, सोपा आहे, कफ सोडल्यावर सुरेख वर उडी मारतो, पण तो ऑक्सिजन, रक्ताचं प्रमाण आणि प्रवाह या सगळ्याची खिचडी असते, त्यातून मिलीमध्ये आकडा निघत नाही. आकडा हवा असेल तर आर्टेरियल स्पिन लेबलिंग, ज्याला सगळे एएसएल म्हणतात. १९९२ साली जॉन डेट्रे, अ‍ॅलन कोरेट्स्की वगैरे मंडळींनी ही कल्पना उंदरांच्या मेंदूवर मांडली, आणि २००१ साली रेनो आणि सहकाऱ्यांनी स्नायूतली एएसएलची मापं प्लेथिस्मोग्राफीशी ताडून बघितली, ती जुळली.

एएसएलमध्ये बाहेरून काहीच टोचायचं नसतं. रक्तातल्या पाण्याचंच मॅग्नेटायझेशन रेडिओ पल्स देऊन १८० अंशांनी उलटं करायचं (हेच लेबल), ते स्नायूत पोचेपर्यंत थांबायचं आणि फोटो काढायचा. मग रक्त न उलटवता तसाच दुसरा फोटो, आणि दोघांची वजाबाकी. उरलं ते नवीन आलेलं रक्त. आता ही वजाबाकी किती लहान असते बघा. आरामात, ३ मिली परफ्युजन धरून, फरक येतो मूळ सिग्नलच्या साधारण ०.०६ टक्के. म्हणजे १० टनांचा ट्रक वजनकाट्यावर दोनदा चढवायचा आणि फरकातून ड्रायव्हरच्या पिशवीचं वजन काढायचं. कफ सोडल्यावर परफ्युजन ५० मिलीच्या आसपास गेलं तर फरक १ टक्क्याच्या वर जातो, मग निदान ड्रायव्हरचं वजन करतोय असं म्हणता येतं.

मेंदूसाठी एएसएलची जी पीकॅसल पद्धत सगळीकडे चालते ती पायात मला पटत नाही. ती धमनीतल्या रक्ताच्या वेगावर अवलंबून असते, आणि पायात आराम असताना रक्त प्रत्येक ठोक्याला पुढे जातं, थोडं मागे येतं, परत पुढे जातं, आणि कफ सोडला की वेग एकदम कितीतरी वाढतो. म्हणजे लेबलिंग किती नीट झालं हेच मध्ये बदलत राहतं. पायासाठी फेअर नावाची पद्धत बरी. त्यात एकदा फक्त स्लाइस (ज्या कापाचा फोटो काढायचा तो) उलटवायची, एकदा सगळंच उलटवायचं, आलटून पालटून. पहिल्या प्रकारात बाहेरून ताजं, न उलटवलेलं रक्त स्लाइसमध्ये येतं, दुसऱ्यात उलटलेलं येतं, फरक म्हणजे परफ्युजन.

आधीची तयारी, म्हणजे माणूस

एथिक्स कमिटीची परवानगी आणि माणसाला कळेल अशा भाषेतला संमतीफॉर्म, हे झाल्याशिवाय कफला हात लावू नका. ५ मिनिटं पाय बंद ठेवणं दुखतं, मुंग्या येतात, पाय जड होतो, हे आधीच सांगायचं. आणि नको वाटलं तर हातातला बल्ब दाबा, त्याच क्षणी सोडू, हेही सांगायचं, आणि खरंच सोडायचं.

कोणाला घ्यायचं नाही: पायात गुठळी झालेली असेल किंवा आधी होऊन गेलेली असेल, मांडीत स्टेंट किंवा बायपास असेल, पायावर उघडी जखम असेल. आणि सिकलसेल. हा प्रश्न परदेशी प्रोटोकॉलवरून कॉपी केलेल्या फॉर्मवर कधी कधी नसतोच, पण आपल्याकडे विदर्भात, गडचिरोलीकडे, तिकडे नंदुरबारच्या बाजूला सिकलसेल बराच आहे, तेव्हा विचाराच. एमआरआयचे नेहमीचे प्रश्न, पेसमेकर, क्लिप, डोळ्यात लोखंडाचा कण वगैरे, ते तर आहेतच.

मोजायच्या आधी काही तास चहा-कॉफी नाही, तंबाखू-सिगारेट नाही, आणि आदल्या दिवसापासून जिम किंवा लांब पळणं नाही. आल्यावर १५-२० मिनिटं आडवं झोपवून ठेवा. स्कॅनरची खोली थंड असते, थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून पायावर चादर. सगळ्यांना एकाच पद्धतीने करा, एकाला चादर आणि एकाला नाही असं चालणार नाही. हिमोग्लोबिनचा ताजा रिपोर्ट असेल तर घेऊन ठेवा, का ते हिशोबात येईल.

पाय ठेवणं

याच्यावर मी मुद्दाम जास्त लिहितोय, कारण सिक्वेन्सवर महिने घालवणारे लोक पाय ठेवायला दोन मिनिटं देत नाहीत आणि मग डेटा वाया जातो. पाठीवर झोपलं की पोटरी टेबलावर टेकते, पायाच्याच वजनाने दबते, आणि दबलेल्या स्नायूत रक्त कमी जातं. मग तुम्ही मोजता ते टेबलाने दाबलेल्या पोटरीचं परफ्युजन. म्हणून टाचेखाली एक फोम आणि गुडघ्याच्या जरा वर एक फोम, पोटरी मधे मोकळी लटकली पाहिजे, कॉइलच्या भिंतीलाही चिकटता कामा नये. हात घालून बघा, बोटं सहज फिरली पाहिजेत. गुडघा किंचित वाकलेला चालेल, जास्त नको, गुडघ्यामागची धमनी दबते.

पाऊल बांधून टाका. कफ सोडल्यावर मुंग्या जोरात येतात आणि माणूस नकळत बोटं हलवतो, नेमकं त्याच १०-२० सेकंदात ज्यासाठी हा सगळा खटाटोप चाललाय. बाजूने वाळूच्या पिशव्या, वरून पट्टा, पण पट्टा पावलावर आणि घोट्यावर, पोटरीवर नाही. आणि कफ सोडायच्या थोडं आधी माइकवरून आठवण करून द्यायची, "काका, आता सोडतोय, मुंग्या येतील, पाय अजिबात हलवू नका."

कॉइल गुडघ्याची चालते किंवा गुंडाळायची फ्लेक्सिबल. स्लाइस पोटरीच्या सगळ्यात जाड भागात घ्या आणि तोच भाग मॅग्नेटच्या मध्यावर आणा.

कफ

साधं बीपीचं मशीन आत न्यायचं नाही, त्याच्या डायलमध्ये आणि पंपात धातू असतो. आत फक्त कापड, रबर आणि प्लॅस्टिक. पंप बाहेर, नळी भिंतीतल्या वेव्हगाइड नावाच्या भोकातून आत. नळी लांब होते म्हणून जाड घ्यायची, बारीक नळीतून हवा हळू जाते आणि हळूच बाहेर येते.

हवा हळू भरली तर काय बिघडतं? शिरा ५०-६० मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाला बंद होतात, धमनी बंद व्हायला त्यापेक्षा खूप जास्त दाब लागतो. मधल्या वेळात रक्त खाली येत राहतं पण वर जात नाही, पाय रक्ताने फुगतो, आणि तुमच्या प्रयोगाची सुरुवातच वेगळ्या ठिकाणाहून होते. म्हणून दोन-तीन सेकंदांत फुल दाब द्यायला एअर टँकवाली सिस्टिम पाहिजे, हाताने फुगा दाबत बसून हे होत नाही. सोडतानाही तेच, हवा सुस सुस करत हळूहळू गेली तर शिखर बोथट होतं.

दाब किती, तर वरच्या बीपीपेक्षा किमान ५० जास्त, बरेच जण सरळ २०० ते २५० ठेवतात. मांडी जाड असेल तर रुंद कफ घ्या. जुन्या शुगरवाल्यांमध्ये धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साठून त्या कडक झालेल्या असतात, तिथे २५० देऊनही धमनी पूर्ण बंद होईलच असं नाही. ते कसं ओळखायचं ते पुढे येतंच.

सिक्वेन्सचे आकडे

सुरुवातीला साधं ठेवा. एक स्लाइस, जाडी १० मिलिमीटर, सिंगल शॉट ईपीआय (एका झटक्यात अख्खी इमेज घेणारी पद्धत), मॅट्रिक्स ६४ बाय ६४, फील्ड १८० मिलिमीटरच्या आसपास. टीई (पल्सपासून सिग्नल वाचेपर्यंतचा वेळ) मशीन देईल तितका कमी, कारण ३ टेस्लाला स्नायूचा टी२ (सिग्नल विरायला लागणारा वेळ) जेमतेम ३०-३५ मिलिसेकंद असतो, उशीर केला की सिग्नलच उरत नाही. फॅट सॅच्युरेशन (चरबीचा सिग्नल दाबणं) लावायचंच, नाहीतर ईपीआयमध्ये कातडीखालची चरबी सरकून बरोब्बर स्नायूवर येऊन बसते.

टीआर (एका इमेजपासून पुढच्या इमेजपर्यंतचा वेळ) ३ सेकंद आणि टीआय (उलटवल्यापासून फोटोपर्यंतचा वेळ) १.५ सेकंद. टीआय फार कमी करू नका, एक तर रक्ताला पोचायला वेळ लागतो, आणि दुसरं म्हणजे स्नायूचा टी१ (उलटलेलं मॅग्नेटायझेशन परत सरळ व्हायच्या वेळेचं माप) ३ टेस्लाला सुमारे १.४ सेकंद असल्यामुळे उलटवल्यानंतर त्याचा सिग्नल १ सेकंदाच्या आत शून्यातून जातो. त्याच्या अलीकडे फोटो काढला तर सिग्नल निगेटिव्ह असतो पण मॅग्निट्यूड इमेज तो पॉझिटिव्ह दाखवते, आणि वजाबाकीचं चिन्ह उलटं होतं. यात पहिल्यांदा करणारे हमखास अडकतात.

याशिवाय उलटवायची पल्स न देता, १० सेकंदांच्या टीआरने एक-दोन इमेज घेऊन ठेवा, त्याला एम झीरो म्हणतात, हिशोबात लागते. ही विसरली तर नंतर माणूस परत बोलवावा लागतो. आणि एक साधी टी१ इमेज, स्नायू ओळखायला.

प्रत्यक्ष रन

एकच सलग रन, १२ मिनिटांचा. २ मिनिटं आराम, ५ मिनिटं कफ, ५ मिनिटं रिकव्हरी. ३ सेकंदांना एक म्हणजे २४० इमेज, त्यातल्या पहिल्या ४० आरामाच्या, पुढच्या १०० कफच्या, शेवटच्या १०० सोडल्यानंतरच्या. दोन माणसं लागतात, एक कन्सोलवर इमेजचा नंबर मोठ्याने मोजणारा, दुसरा कफच्या स्विचवर. १४० म्हटलं की सोडायचं. खरोखर १४१ ला सुटला असेल तर १४१ लिहायचं, कागदावर, तिथल्या तिथे, घड्याळाच्या वेळेवर विसंबू नका. सोडण्याच्या दोन्ही बाजूंना पडणारी जोडी फेकून द्या, तिच्यातली एक इमेज बंद पायाची आणि एक उघड्या पायाची असते.

वजाबाकी आणि हिशोब

आधी सगळ्या इमेज सिनेमासारख्या चालवून बघा. पाय हलला असेल तर डोळ्यालाच दिसतं. ज्या इमेज हलल्यात त्या काढा, थोडं सरकलं असेल तर सॉफ्टवेअरने जुळवा.

मग स्नायूंभोवती रेषा काढायच्या. टिबियालिस, सोलियस, गॅस्ट्रोक्निमियसचे दोन भाग. कडेपासून एक पिक्सेल आत राहा, आणि मोठ्या रक्तवाहिन्या अजिबात आत घेऊ नका, विशेषतः सोलियसमधल्या जाड शिरा. एक धमनी आत आली तर सरासरी कुठच्या कुठे जाते.

वजाबाकी सरळ एकातून दुसरी अशी नका करू. कफ सोडल्यावर बोल्डमुळे सगळ्याच इमेजचा उजेड सेकंदासेकंदाला बदलत असतो, तो बदल परफ्युजनमध्ये मिसळतो. म्हणून प्रत्येक इमेज घ्या आणि तिच्या आधीच्या आणि नंतरच्या, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या, दोन इमेजच्या सरासरीशी वजाबाकी करा.

आता आकडा. फरक भागिले एम झीरो, त्याला ६००० ने गुणा, ०.९ ने गुणा, आणि मग भागा: २ गुणिले ०.९५ गुणिले टीआय गुणिले रक्ताच्या टी१ मुळे झालेली घट. ६००० म्हणजे ६० सेकंद आणि १०० ग्रॅम, ०.९ म्हणजे पाण्याचं स्नायू आणि रक्तातलं प्रमाण, ०.९५ म्हणजे उलटवणं किती पक्कं झालं ते, हे आपल्या मशीनवर तपासून घ्यायचं. रक्ताचा टी१ ३ टेस्लाला साधारण १.६५ सेकंद, त्यामुळे १.५ सेकंदांनंतर लेबलचा ०.४० भाग उरतो. फरक १ टक्का आला तर वर ०.०१ गुणिले ६००० गुणिले ०.९ म्हणजे ५४, खाली १.१५ च्या जवळ, उत्तर ४७ मिली. हिमोग्लोबिन खूप कमी असेल तर रक्ताचा टी१ वाढतो आणि हा आकडा थोडा हलतो, म्हणून तो रिपोर्ट मागितला होता.

हा सोपा हिशोब एक गोष्ट गृहीत धरतो, की १.५ सेकंद लेबल झालेलं रक्तच येत राहिलं. पण मशीनची पल्स देणारी बॉडी कॉइल तुमचा अख्खा माणूस उलटवत नाही, फक्त मध्यावरचा तुकडा उलटवते, आणि कफ सोडल्यावर रक्त इतक्या जोरात येतं की त्या तुकड्याच्या वरचं, न उलटवलेलं रक्तही स्लाइसमध्ये पोचू शकतं. मग शिखर खरं असतं त्यापेक्षा कमी दिसतं. याच्यावर क्विप्स टू नावाचा उपाय आहे, त्यात एक जादा पल्स देऊन लेबलची शेपटी मुद्दाम कापतात आणि हिशोबात टीआयच्या जागी तो कापलेला वेळ घालतात. पहिल्या पायलटला नको, पण पेशंट सुरू करायच्या आधी लावा.

कर्व्ह कसा वाचायचा

आकड्यापेक्षा आधी कर्व्हचा (वेळेप्रमाणे परफ्युजन दाखवणाऱ्या आलेखाचा) मधला भाग बघा, कफ लावलेली ५ मिनिटं. तिथे रक्त बंद आहे, म्हणजे परफ्युजन शून्य यायला पाहिजे. हे शून्य फुकट मिळालेलं आहे आणि मला यापेक्षा चांगली तपासणी माहीत नाही. तिथे ८-१० मिली दिसत असेल तर दोनच शक्यता: एक तर स्लाइस उलटवणाऱ्या आणि सगळं उलटवणाऱ्या पल्समध्ये स्नायू सारखा उलटत नाहीये, म्हणजे मशीनचा दोष, किंवा धमनी बंदच झालेली नाही. दोन्ही वेगळे कसे करायचे?  फँटमवर, म्हणजे चाचणीच्या बाटलीवर, रन करा, बाटलीत रक्तप्रवाह नाहीच, तिथेही शून्य येत नसेल तर दोष पल्सचा. फँटमवर शून्य आणि पोटरीत नाही, तर कफ तपासा.

शून्य नीट आलं की मग आराम २ ते ५ च्या आसपास, थोडा इकडे तिकडे, त्याच्यावर फार विश्वास ठेवू नका, नॉइजच तेवढा असतो. सोडल्यावर निरोगी माणसात १०-३० सेकंदांत शिखर, काही दहा मिलींमध्ये, आणि एक-दोन मिनिटांत खाली. शिखर ३०० आलं तर रक्तवाहिनी आत आलीय किंवा टक्के आणि अपूर्णांकाचा घोळ झालाय. सगळं निगेटिव्ह आलं तर आलटून-पालटूनचा क्रम उलटा धरलाय. पायाच्या धमन्या अरुंद झालेल्यांत शिखर ठेंगणं असतं आणि उशिरा येतं, कधी कधी नुसतं टेकाड, आणि उतरायलाही वेळ लागतो. म्हणून फक्त शिखराची उंची लिहू नका, शिखराला लागलेला वेळ आणि कर्व्हखालचं क्षेत्रफळही लिहा.

व्यायाम करून मोजायचं असेल तर

कफवर हात बसल्यावरच तिकडे वळा. प्लॅस्टिकचा पेडल लागतो, माणूस स्कॅनरमध्येच पाऊल दाबतो, आणि थांबल्या थांबल्या इमेज घ्यायच्या, चालू असताना घेतल्या तर हालचाल सगळं खाते. गुडघा सरळ असेल तर गॅस्ट्रोक्निमियस काम करतो, वाकवला तर सोलियसकडे जास्त काम जातं, तेव्हा पोझिशन ठरवून लिहून ठेवा. व्यायामाने परफ्युजन कफपेक्षा वर जाऊ शकतं. १९८५ साली कोपनहेगनमध्ये अँडरसन आणि साल्टिन यांनी मांडीच्या पुढच्या स्नायूंसाठी, एका पायाने गुडघा सरळ करण्याच्या व्यायामात, १०० ग्रॅमला मिनिटाला सुमारे २५० मिली मोजले होते, तेही एमआरआयशिवाय, शिरेत थंड द्रव सोडून. पण व्यायामात माणूस किती जोर लावतो हे त्याच्या मर्जीवर असतं, आणि पोटरी दुखते म्हणून जो आलाय तो कमीच जोर लावणार. कफला मर्जी नसते, म्हणून पेशंट आणि निरोगी माणसं शेजारी ठेवून बघायची असतील तर मी तरी कफच घेईन, आणि रिपोर्टमध्ये कफचा दाब, रुंदी, भरायला आणि सुटायला लागलेला वेळ, पाय कसा ठेवला होता, खोलीचं तापमान, हे सगळं लिहीन. हे नसेल तर एका सेंटरचा आकडा दुसऱ्या सेंटरच्या आकड्याशेजारी ठेवता येत नाही.